लाकडी मासोळीचे रंगरोगण

पाण्यात राबणाऱ्या लाकडाला दोन शत्रू असतात: एक बाहेरून घासणारा आणि दुसरा आत शिरणारा. पहिल्याने केलेली हानी तत्काळ दृष्टीस पडते, कारण रंग उडतो, पृष्ठभाग खरवडतो आणि काल ज्या वस्तूकडे कौतुकाने पाहिले ती आज दीनवाणी भासू लागते. दुसऱ्याचे काम मात्र गुप्तपणे चालते, आणि लाकूड फुगले, त्याचे वजन वाढले, त्याची पाण्यातली चाल बिघडली, म्हणजे मगच तो आत येऊन ठाण मांडून बसला आहे हे उमगते. होडी असो, वल्हे असो की पाणचक्कीचे चाक असो, जलाशयाशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक लाकडी साधनाची निगा राखणाऱ्याला या दोन शत्रूंशी दोन निराळ्या उपायांनी झुंजावे लागते. रंग चढवणे हा एक उपाय, आणि छिद्रे बुजवून लाकूड जलाभेद्य करणे हा दुसरा. या दोहोंतील भेद मासेमारीच्या लाकडी आमिषांच्या इतिहासात जितका स्पष्टपणे प्रत्ययास येतो, तितका तो क्वचितच अन्यत्र येत असेल. आणि तो भेद ध्यानात न घेतल्यामुळे या लहानशा वस्तूंवर गेल्या काही दशकांत जो अन्याय झाला आहे, त्याचीही कैफियत या निमित्ताने मांडणे मला अगत्याचे वाटते.

आपल्या कोकणात खाडीच्या कडेला गरी टाकून बसणारा माणूस गळाला कोळंबी किंवा गांडूळ लावतो. माशाचे खाद्य हेच त्याचे आमिष असते. उत्तर अमेरिकेच्या आणि उत्तर युरोपच्या गोड्या पाण्याच्या सरोवरांतून मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एक निराळी पद्धत रूढ झाली. लाकडाचा बोटभर किंवा वीतभर लांबीचा तुकडा माशाच्या किंवा बेडकाच्या आकारात घडवायचा, तो रंगवायचा, त्याला डोळे बसवायचे, त्याच्या पोटाशी व शेपटीशी तीन तोंडांचे गळ लटकवायचे, आणि चाकावर गुंडाळलेल्या दोरीने तो दूर फेकून अशा बेताने ओढीत आणायचा की जखमी मासोळीच तडफडत चालली आहे असा आभास शिकारी माशाला व्हावा. या लाकडी मासोळीला खाद्याचा वास नाही, चव नाही. तिचे सारे सामर्थ्य तिच्या आकारात, तोलात आणि चालीत आहे. तोल बिघडला की तिची मोहिनी संपली. म्हणूनच तिच्या अंगावरचे रोगण ही केवळ शोभेची बाब राहत नाही.

या वस्तूच्या कारखानदारीचा इतिहास सांगू लागले की मिशिगन संस्थानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील डोवाजॅक या गावापासून आरंभ करावा लागतो. जेम्स हेडन (१८४५-१९११) हा तेथला एक बहुव्यवसायी गृहस्थ. मधमाशीपालनात त्याचा लौकिक मोठा होता. पेटीतील पिलांच्या कोठडीचे दोन भाग करण्याची त्याची योजना १८८५ साली एकस्वाच्या सनदेने मान्य झाली होती आणि त्या विषयावर त्याने ग्रंथही लिहिला होता. याखेरीज तो गावच्या वृत्तपत्राचा संपादक होता आणि नगराध्यक्षपदही त्याने भूषविले होते. गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत बसला असता चाळा म्हणून त्याने लाकडाचा एक तुकडा चाकूने तासला, पुढे तो पाण्यात भिरकावून दिला आणि बास जातीच्या माशाने उसळी मारून त्यावर झडप घातली, अशी कथा त्या गावात परंपरेने सांगितली जाते. कथेतील तपशील कसाही असो, १८९० नंतरच्या दशकात हेडन हाताने कोरलेले लाकडी बेडूक मित्रमंडळींना देत होता, १९०२ साली त्याच्या तरंगत्या आमिषाला एकस्वाची सनद मिळाली, आणि मुलांना सोबत घेऊन त्याने घरातच सुरू केलेला उद्योग थोड्याच वर्षांत मोठ्या कारखान्याच्या योग्यतेस चढला, एवढे निश्चित आहे. उन्हापावसात वर्षानुवर्षे उघड्यावर राहणाऱ्या लाकडी पेट्यांशी ज्याचा जन्म गेला, त्याला कोणते लाकूड फुगते, कोणते तडकते आणि कोणते टिकते याचे ज्ञान आयतेच असणार. त्याच्या कारखान्याने सिडारसारखे हलके, सरळ धाग्याचे आणि कुजण्यास सहजासहजी न बधणारे लाकूड पसंत केले, यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

या कारखान्यातील रंगकामाकडे आज बारकाईने पाहिले तर त्यामागची शिस्त मनात आदर उत्पन्न करते. चरकावर कातलेल्या ठोकळ्याला प्रथम पांढऱ्या रंगाचे अस्तर द्यायचे. ते वाळल्यावर पुन्हा दुसरे, तिसरे. त्यावर पोटाकडे फिका आणि पाठीकडे गडद होत जाणारा रंग. त्यावर ठिपके, पट्टे, कल्ल्यांच्या लाल रेषा. आणि सर्वांवर पारदर्शक रोगणाची पुटे. दोन पुटांमध्ये पुरेसा अवधी द्यायचा, कारण खालचे पूट ओले असता वरचे चढवले की पुढे दोन्ही तडकतात. गंमत अशी, की हाच दोष हेडनच्या कारागिरांनी एका प्रकारात मुद्दाम अंगीकारला आणि त्यातून गुण निर्माण केला: एकमेकांशी न जुळणारे दोन थर एकावर एक दिले असता वरचा थर आकसून जाळीदार भेगा पडतात, आणि त्या भेगांतून खालचा रंग डोकावून मासोळीच्या पाठीवर जणू नैसर्गिक नक्षी उमटते. या तडकपाठीच्या मासोळ्या पुढे संग्राहकांच्या जिव्हाळ्याचा विषय झाल्या. काचेचे डोळे, पितळी वाट्यांत बसवलेले गळाचे स्क्रू, सरकत्या झाकणाची लाकडी पेटी, असा सारा थाट त्या काळच्या मालाला होता.

डोवाजॅकच्या बरोबरीने इंडियाना संस्थानातील गॅरेट या गावाचे नाव घेतले पाहिजे. हेन्री डिल्स आणि त्याचे दोन भागीदार यांनी तेथे काढलेल्या क्रीक चब कंपनीने दोन गोष्टींत आघाडी मारली. मासोळीच्या तोंडाशी धातूची जीभ बसवून ओढताक्षणी ती डावीउजवीकडे वळवळेल अशी व्यवस्था करणे ही एक. आणि दुसरी म्हणजे ठोकळ्यावर बारीक जाळी ताणून तिच्यातून रंगाचा फवारा मारणे, जेणेकरून जाळी काढताच अंगभर खवल्यांची नक्षी राहावी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुढे आलेली ही दुसरी युक्ती इतकी साधी आणि इतकी परिणामकारक होती की आजही घरी बसून मासोळी रंगवणारा प्रत्येक हौशी माणूस तीच वापरतो. या कारखान्यांच्या रंगशाळांतून स्त्रियांचा भरणा असे. हेडन आणि डिल्स यांची नावे सनदांच्या आणि जाहिरातींच्या दप्तरात सुरक्षित राहिली. ज्यांच्या हातांनी हजारो कल्ले आणि हजारो डोळ्यांच्या कडा रेखल्या, त्या स्त्रियांची नावे मात्र बहुतांशी लुप्त झाली.

एवढ्या परिश्रमाने सजवलेली ही वस्तू सरोवरात उतरली की तिच्या विनाशाला सुरुवात होते. पाईक आणि मस्की या माशांचे दात सुईसारखे असतात. ते रंगाचे सर्व थर भेदून थेट लाकडात रुततात. गळ आपल्या कडीभोवती फिरता फिरता पोटावर अर्धवर्तुळाकार चरे पाडतात, आणि दोन मोसमांत ते चरे अस्तरापर्यंत पोहोचतात. नेम चुकला की मासोळी खडकावर किंवा धक्क्याच्या खांबावर आदळते. परंतु खरा धोका याहून सूक्ष्म असतो. गळाच्या कड्या आणि स्क्रू जेथे लाकडात शिरतात ती भोके कारखान्यात रंगकामानंतर पाडली जात. त्यांच्या भिंती उघड्याच राहत. मासा झटापट करतो, स्क्रू तसूभर हलतो, आणि त्या फटीतून पाणी आत जाते. लाकूड ओले होऊन आडवे फुगते, वाळले की आकसते. वरचे रोगण मात्र त्याच्याइतके लवचीक नसते, म्हणून ते लाकडाच्या धाग्याच्या दिशेने लांबच लांब तडकते. त्या तड्यातून अधिक पाणी, अधिक फुगवटा, अधिक तडा, असे हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की वर कितीही सुंदर रंग दिला तरी तो टिकत नाही, कारण आतली ओल त्याला खालून ढकलीत असते. अनुभवी दुरुस्तीकार रंगाच्या डबीला हात लावण्यापूर्वी मासोळी कित्येक दिवस उबदार, कोरड्या जागी टांगून ठेवतो, याचे रहस्य यात आहे.

त्या काळी अशी एक मासोळी पाऊण ते एक डॉलरला मिळत असे. श्रमजीवी माणसाच्या रोजगाराच्या मानाने ती किंमत थोडी नव्हती. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत तर ती चैनच म्हणावी लागेल. जॉर्जिया संस्थानात मंटगोमरी लेक नावाच्या जलाशयावर २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंस वजनाचा, म्हणजे सुमारे १० किलोचा, बास मासा क्रीक चबच्या मासोळीवर धरला; त्या जातीच्या माशाचा तो उच्चांक कोणालाही मोडता आला नाही, केवळ २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. पेरीसारख्या लोकांच्या दृष्टीने ही मासोळी कुटुंबाच्या ताटात अन्न आणणारे अवजार होते. कुऱ्हाडीचा दांडा मोडला म्हणून कोणी कुऱ्हाड टाकून देत नाही. तद्वत रंग उडालेली मासोळीही कोणी फेकून देत नसे. उत्तरेकडील सरोवरे हिवाळ्यात गोठत, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत तळघरातल्या बाकावर गतवर्षीच्या जखमी मासोळ्यांची हजेरी लागे. गळ व कड्या काढून ठेवायच्या, काचकागदाने रंगाच्या कडा घासून सपाट करायच्या, दातांच्या भोकांत लांबी भरायची, उघडे लाकूड बुजवायचे, आणि घरात जो रंग उरला असेल तो लावायचा. कुंपणाचा पांढरा, होडीचा हिरवा किंवा कोठाराचा लाल, असा जो हाती लागेल तो रंग मासोळीच्या वाट्याला येई. कारखान्याच्या नमुना-पुस्तकाशी ते रंग जुळत की नाही याची फिकीर कोणालाच नव्हती. पाणी आत जाऊ नये आणि पुढच्या मोसमात चाल शाबूत राहावी, एवढाच हेतू होता.

लाकूड बुजवण्याच्या या कामात त्या तळघरांचा आपल्या देशाशी एक अप्रत्यक्ष पण खरा संबंध जडला होता. जवसाच्या तेलातील सफेदा, राळ व चंद्रूस यांची रोगणे, आणि मद्यार्कात विरघळवलेली चपडी लाख ही त्या काळी लाकूडकामातील नित्याची द्रव्ये होती. पैकी लाख ही मुख्यत्वे हिंदुस्थानातूनच जगभर जात असे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर सूक्ष्म कीटकांचे थवे रस शोषून राळेसारखे कवच निर्माण करतात; ते खरवडून, धुऊन, वितळवून, ताणून त्याचे पापुद्रे करतात. छोटा नागपूर हे या पिकाचे मोठे आगर आणि मिर्झापूर हे कारखानदारीचे जुने केंद्र. आपल्या विदर्भातील गोंदिया आणि गडचिरोली भागातील वनांतूनही लाख निघते. कलकत्त्याच्या बंदरातून निघालेले हे पापुद्रे अमेरिकेत फर्निचराला चकाकी देत आणि ध्वनिमुद्रिकांत मिसळले जात. सुताराच्या फडताळातील बाटलीत ते गाठी आणि छिद्रे बुजवण्यासाठी हजर असत. लाखेचा गुण असा की ती त्वरित वाळते, लाकडाच्या रंध्रांत घट्ट बसते आणि तिच्यावर बहुतेक कोणताही रंग चढतो. तिचा दोष असा की पाण्याशी दीर्घ संपर्क आला की ती पांढुरकी पडते आणि हळूहळू मऊ होते. म्हणून लाकडी मासोळीवर ती एकटी पुरेशी नसे. तिने आतला दरवाजा लावायचा, आणि बाहेरची राखण तेलाच्या रोगणाकडे सोपवायची, अशी ही कामाची वाटणी होती.

येथे सावंतवाडीच्या लाखकामाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेथला कारागीर चरकावर लाकूड गरगर फिरवीत असता रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगाला बसते, आणि नंतरच्या घासण्याने तिला आरशासारखी झळाळी येते. या पद्धतीत रंग देणे आणि रंध्रे बुजवणे ही दोन कर्मे एकाच क्षणी, एकाच द्रव्याने सिद्ध होतात. अशा खेळण्यावर रंग आणि संरक्षण यांची फारकत होतच नाही. डोवाजॅकच्या मासोळीला असे अद्वैत परवडण्यासारखे नव्हते. तिला पाण्यात बुडायचे होते, दात सोसायचे होते, ऊन खायचे होते. म्हणून तेथे अस्तर निराळे, रंग निराळा, रोगण निराळे, अशी त्रिविध व्यवस्था अपरिहार्य ठरली.

या कथेचा दुसरा अध्याय फिनलंडमध्ये घडला. लाउरी रापाला (१९०५-१९७४) हा पॅयान्ने सरोवराच्या काठी आसिक्कला भागात राहणारा गरीब कोळी आणि लाकूडतोड्या. जाळी आणि गळांच्या लांब दोऱ्या टाकून उपजीविका करताना त्याने पाहिले की शिकारी मासा थव्यातील सुदृढ माशांना सोडून, किंचित लंगडत, तोल जात पोहणाऱ्या एखाद्या मासोळीवरच नेमका झेपावतो. १९३६ साली त्याने चांभाराच्या चाकूने बुचाचा तुकडा कोरून तशी लंगडी चाल साधणारे आमिष तयार केले. रंगाला पैसे नव्हते. म्हणून त्याने चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी अंगाला गुंडाळून चकाकी आणली, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून छायाचित्रांच्या टाकाऊ फिल्म वितळवून त्यांचा लेप दिला, असे त्या घराण्यात सांगतात. त्या काळातील पुष्कळशी फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे. आणि याच द्रव्याचे रोगण डुपाँट कंपनीने १९२० नंतरच्या दशकात ड्यूको या नावाने मोटारगाड्यांसाठी बाजारात आणले होते. अर्थात, डेट्रॉईटच्या मोटारींना जे कवच रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतून मिळाले, त्याच जातीचे कवच फिनलंडच्या त्या दरिद्री कोळ्याने टाकाऊ वस्तूंतून, स्वतःच्या निरीक्षणाच्या बळावर, आपल्या मासोळीला मिळवून दिले. साधनांच्या अभावी बुद्धीला आलेली ही धार मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

रापालाने पुढे बुचाच्या जागी बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील लाकूड पसंत केले. बाल्साची घनता पाण्याच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकीच, म्हणून त्याची मासोळी पाण्याच्या किंचित ओढीलाही प्रतिसाद देते. पण तेच लाकूड इतके सच्छिद्र आणि मृदू असते की कवचाला लहानसे छिद्र पडले तरी ते स्पंजासारखे पाणी शोषते. ज्या गुणाने चाल येते, त्याच गुणाने नाशही ओढवतो. त्यामुळे बाल्साची दुरुस्ती करणाऱ्यावर दुहेरी बंधन पडते. कवच अभेद्य हवे. पण ते जाडही होता कामा नये, कारण दोनचार जाड पुटांचे वजन त्या हलक्या देहाला सोसत नाही आणि जी लंगडी चाल हे तिचे सर्वस्व, ती नाहीशी होते. कारखान्यात प्रत्येक मासोळी पाण्याच्या टाकीत ओढून, तिची चाल हाताने जुळवून मगच पेटीत भरण्याचा रिवाज याच सूक्ष्मतेमुळे पडला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निमित्ताने या मासोळ्या परदेशी पाहुण्यांच्या सामानातून बाहेर गेल्या, १९६० च्या सुमारास मिनिॲपोलिसच्या दोन व्यापाऱ्यांनी अमेरिकेतील विक्रीचे काम अंगावर घेतले, आणि ऑगस्ट १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या ज्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच दिवंगत झालेली मेरिलिन मन्रो होती, त्याच अंकात रापालावरचा लेख आल्यामुळे मागण्यांचा असा पूर लोटला की त्या पुरवणे कित्येक महिने अशक्य झाले.

दरम्यान लाकडाला एक प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. हेडनच्या कारखान्यानेच १९३० नंतरच्या दशकात 'स्पूक' या नावाने प्लॅस्टिकच्या मासोळ्या काढल्या. प्लॅस्टिक फुगत नाही, तडकत नाही, प्रत्येक नग दुसऱ्यासारखा निघतो, रंगाची पुटे कमी लागतात, हे त्यांचे समर्थन होते आणि व्यापाराच्या दृष्टीने ते बिनतोड होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई पडली तेव्हा अमेरिकेतील ॲक्रन शहरातल्या फ्रेड आर्बोगास्टने आपल्या 'जिटरबग' मासोळीची धातूची जीभही प्लॅस्टिकची केली. तथापि त्या आरंभीच्या प्लॅस्टिकांपैकी काही सेल्युलोजचीच रूपे होती, आणि कालांतराने ती आपोआप ठिसूळ होऊन चुरा झाली. त्यांच्याच वयाच्या, नीट रोगण दिलेल्या सिडारच्या मासोळ्या मात्र आजही धडधाकट आहेत. पुढे १९४९ साली ॲक्रनच्याच निक क्रीम याने मऊ प्लॅस्टिकची गांडुळे तयार केली, आणि त्यांच्यातील मऊपणा आणणारे द्रव्य डब्यात शेजारी पडलेल्या जुन्या मासोळ्यांचे रोगण विरघळवते हे लोकांना नुकसान झाल्यावरच कळले. दात आणि खडक यांच्यापासून बचावलेला रंग शेजाऱ्याच्या सहवासाने गेला, असे कित्येक जुन्या डब्यांत दिसते.

१९७६ साली अमेरिकेत मासेमारीच्या आमिषांच्या संग्राहकांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि या वस्तूंच्या आयुष्यात एक मोठी क्रांती घडली. आजवर ज्या मासोळीची किंमत तिच्या कामावरून ठरत होती, तिची किंमत आता तिच्या रंगाच्या मूळपणावरून ठरू लागली. हेडनने हाताने कोरलेल्या बेडकाला हजारो डॉलर मिळू लागले. रायली हॅस्केलने १८५९ साली सनद घेतलेली एक तांब्याची मासोळी तर २००३ मध्ये लिलावात एक लाखाहून अधिक डॉलरला गेली. आणि मग ज्या पुनर्लेपनाने या वस्तूंना दोन-तीन पिढ्या जिवंत ठेवले, तेच एकाएकी दोष मानले जाऊ लागले. नव्याने रंगवलेल्या मासोळीचे मोल बाजारात बहुधा नाममात्र उरते. यात फसवणुकीचे भयही आहेच. म्हणून जाणकार मंडळी अतिनील दिव्याखाली मासोळी धरून नव्या-जुन्या रंगांची निराळी आभा पाहतात, स्क्रूच्या वाटीखाली रंगाचा थर सलग गेला आहे की कडेला येऊन थांबला आहे हे भिंगाने तपासतात, आणि वयोमानाने पडणाऱ्या बारीक भेगा खऱ्या की बनावट याचा कसून निवाडा करतात. ही दक्षता योग्यच आहे. परंतु तिच्या भरात मंदीच्या काळातल्या त्या तळघरांतील प्रामाणिक दुरुस्त्यांनाही जेव्हा खोटेपणाचा शिक्का बसतो, आणि कोणी उत्साही माणूस 'मूळ रंग' शोधण्यासाठी वरचा कुंपणाचा पांढरा खरवडून टाकतो, तेव्हा इतिहासाचे एक पान फाटते. तो पांढरा रंग कोणाच्या तरी गरजेचा, कोणाच्या तरी एका हिवाळ्याचा दस्तऐवज असतो.

मग जुन्या मासोळीचे करावे काय? या प्रश्नाला आमच्या परंपरेत उत्तर आहे, असे मला वाटते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवालये आणि मूर्ती दृढ करण्यासाठी वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत, आणि त्यांतील एकीत गुग्गुळ, कवठ, बेल यांच्याबरोबर लाखही आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीच्या चरणांची भक्तांच्या स्पर्शाने होणारी झीज थांबवण्यासाठी आधुनिक द्रव्यांनी वेळोवेळी केलेले लेपन याच नावाने ओळखले जाते. या कल्पनेचे मर्म असे की लेपाने वस्तूचे आयुष्य वाढावे, पण तिचे रूप बदलू नये. झालेली झीज पुसून टाकण्याचा अधिकार लेप देणाऱ्याला नाही, पुढची झीज थांबवण्याचे कर्तव्य मात्र त्याच्यावर आहे. हाच विवेक लाकडी मासोळीला लावला तर संरक्षण आणि रंगलेपन ही दोन कर्मे अलग होतात आणि बराचसा वाद आपोआप मिटतो. जिचे ऐतिहासिक मोल आहे, तिची ओल काढावी, उघड्या लाकडावर आणि स्क्रूच्या भोकांत पातळ, पुढे काढून टाकता येईल असा लेप द्यावा, आणि रंगाला हात लावू नये. अशा ठिकाणी लाख पुन्हा उपयोगी पडते, कारण ती मद्यार्काने केव्हाही विरघळवता येते, आणि जी मासोळी आता पाण्यात उतरणार नाही तिच्या बाबतीत लाखेचा जुना दोष गैरलागू ठरतो. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्यामुळे तो कोरडा घासू नये, हीही खबरदारी तितकीच आवश्यक आहे.

उलट जी मासोळी साधी आहे, जिच्यासारख्या हजारो आहेत आणि जी अजून सरोवरात जाणार आहे, तिला निःसंकोच नवे रूप द्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेली दोन भागांची इपॉक्सी राळ या कामी वरदान ठरली आहे. तिने स्क्रूच्या भोकाच्या भिंतीही बुजवता येतात, आणि ती वाळेपर्यंत मासोळी सावकाश फिरणाऱ्या चाकावर टांगून ठेवली की राळ एका बाजूला ओघळून गोळा होत नाही, सर्वत्र समान बसते. पण तेथेही क्रम तोच राहतो, जो डोवाजॅकच्या कारखान्यात होता: आधी पूर्ण वाळवणे, मग बुजवणे, मग पांढरे अस्तर, मग फिक्याकडून गडदाकडे जाणारा रंग, आणि शेवटी रोगण. हा क्रम मोडून केवळ वरच्या रंगाने वस्तू नवी दाखवू पाहणाऱ्याला पाणी एका मोसमात उघडे पाडते. दुरुस्ती करणाऱ्याने रोगणाच्या शेवटच्या पुटाखाली, पोटाकडच्या बाजूस, आपली आद्याक्षरे आणि वर्ष बारीक अक्षरांत घालावे, असा आग्रह मी धरीन. त्याने फसवणुकीला वाव राहत नाही, आणि उद्याच्या अभ्यासकाला या हातावेगळ्या झालेल्या कामाचा हिशेब मिळतो.

कारागिरीचे इतिहास आपण बहुधा निर्मात्यांच्या नावांनी लिहितो, कारण सनदा, जाहिराती आणि नमुना-पुस्तके त्यांचीच शिल्लक असतात. पण वस्तूचा जन्म एकदाच होतो आणि तिची निगा मात्र तिच्या आयुष्यभर करावी लागते. हेडनने आणि रापालाने घडवलेली मासोळी शंभर वर्षांनंतर आपल्या हाती येते ती मधल्या काळातील असंख्य अनाम हातांनी तिच्यात पाणी शिरू दिले नाही म्हणून. त्या हातांनी दिलेली पुटे हा त्या वस्तूच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि संग्रहालयांनी व संग्राहकांनी निर्मितीच्या सालाबरोबर दुरुस्तीचे सालही तितक्याच आदराने नोंदवू लागावे, एवढीच या लेखाची मागणी आहे.